गावाचा इतिहास कसा लिहायचा: एका इंग्लिश खेड्याकडनं शिकलेली पद्धत

आमच्या करवीर तालुक्यात यात्रा जवळ आली की गावोगावी स्मरणिका निघतात, आणि त्यात "आपल्या गावाचा इतिहास" म्हणून एक पान असतंच. आधी पांडव वनवासात इथं थांबले, मग महाराजांचा घोडा इथल्या विहिरीवर पाणी प्यायला, आणि तिथनं पुढं थेट पहिले सरपंच. मधली पाच-सातशे वर्षं गेली कुठं? माणसं तर इथंच होती की, शेती करत होती, मरत होती, लग्नं करत होती. मला हे फार लागलं, म्हणून मी आमच्या गावाचा इतिहास लिहायला घेतला आणि त्यात सव्वा वर्ष गेलं. त्यातनं जे शिकलो ते इथं सांगतो, म्हणजे तुमच्या गावासाठी कुणी बसलं तर त्याचे सहा महिने तरी वाचतील.

पद्धत मला सापडली ती इंग्लंडमधल्या एका छोट्या खेड्यात. गावाचं नाव ईम. स्पेलिंगवरनं ईयाम वाटतं पण म्हणतात ईम. डर्बीशायर काउंटीत, डोंगराळ भाग, आपल्या पन्हाळ्याखालच्या एखाद्या वाडीएवढं गाव. पण ह्या गावाला ३५० वर्षांपूर्वीची आपली माणसं नावानिशी माहिती आहेत, कोण कुठल्या महिन्यात गेलं इथपर्यंत. कसं काय, ते आधी सांगतो, कारण त्यातच सगळी युक्ती आहे.

१६६५ साली लंडनमध्ये मोठा प्लेग होता. ईममधल्या शिंप्याकडं लंडनहून कापड आलं, ते ओलसर होतं म्हणून शिंप्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सनं ते शेकोटीपुढं वाळत घातलं, आणि त्यातल्या पिसवांनी प्लेग गावात आणला असं सांगतात. व्हिकर्स आठवड्याभरात गेला, ७ सप्टेंबर १६६५ ला त्याला पुरल्याची नोंद आहे. पुढच्या उन्हाळ्यात साथ भडकली तेव्हा चर्चचा पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरनं काढलेला थॉमस स्टॅनली, हे दोघं मतभेद बाजूला ठेवून एकत्र आले आणि त्यांनी गावाला तयार केलं की कुणी गाव सोडायचं नाही, म्हणजे साथ शेजारच्या गावांत जाणार नाही. चर्च बंद, प्रार्थना उघड्यावर एका घळईत, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं आपल्याच शेतात पुरायचं. शेजारची गावं हद्दीवरच्या दगडापाशी धान्य ठेवून जायची आणि ईमवाले दगडातल्या खळग्यात व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे, की पैशातनं रोग जायला नको. चौदा महिन्यांत २६० च्या आसपास माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन पण ऑगस्ट १६६६ मध्ये गेली.

एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं त्याच ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातानं पुरली. तिला कुणी पुतळा उभारावा असं तिनं जगात काही केलेलं नव्हतं, शेतकऱ्याची बायको होती. पण चर्चच्या रजिस्टरला तिच्या माणसांची नावं होती, शेतात थडगी होती, म्हणून आज ईमचा इतिहास सांगताना तिचं नाव पाद्र्याच्या बरोबरीनं येतं. हे वाचलं तेव्हा मी आमच्या गावाची माझी यादी काढून बघितली, "गावातील नामवंत व्यक्ती", बावीस नावं होती आणि त्यात एकही बाई नव्हती. तिथनं मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

तर पहिला नियम, आणि हा एकच नियम पाळला तरी चालेल: वहीत प्रत्येक ओळीपुढं लिहायचं की हे कुठनं कळलं. नाव, साल, आणि कुठनं. कागदावरनं कळलं तर कुठला कागद, दगडावरनं तर कुठला दगड, माणसाकडनं तर कोण आणि कधी सांगितलं. वही उभी तीन भागांत आखून घ्या. मोबाईलवर नोट्स काढल्या तरी हरकत नाही पण हे तीन रकाने पाहिजेतच. सुरवातीला कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी एकाच माणसाबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात तेव्हा ह्याच रकान्यावर सगळं ठरतं.

आता कागद. इंग्लंडमध्ये ह्या बाबतीत सोय चांगली. १०८६ ची डूम्सडे बुक नावाची राजाची मोजणी आहे, त्यात ईमचं नाव आहे. १५३८ पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचा हुकूम झाला. १८४१ पासून जनगणनेची घरटी नावं मिळतात, आणि शंभर वर्षं झाली की ती सगळ्यांना खुली करतात, १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडं असं एका जागी नाही, पण काहीच नाही असं म्हणणं पण चूक आहे. आपल्याकडं आहे, फक्त चार ठिकाणी विखुरलेलं आहे आणि बरंचसं जुन्या मोडी लिपीत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट शोधा, की १९४९ च्या आधी गाव कुणाकडं होतं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी काही गावं थेट दरबारच्या ताब्यात होती आणि काही जहागिऱ्यांत, म्हणजे कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा अशा. गाव जहागिरीचं असेल तर कागद त्या जहागिरीच्या दप्तरात असणार, आणि तुम्ही दरबारच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, वर्षभर शोधलं तरी हाताला काही लागणार नाही. मी इथंच तीन महिने घालवले. कोल्हापूरच्या पुरालेखागारात अर्ज करून, ओळखपत्र देऊन कागद बघता येतात, पण जाताना "आमच्या गावाचं काही आहे का" असं विचारत जाऊ नका. गावाचं जुनं नाव, पेटा आणि जहागीर लिहून न्या. तालुक्याला तेव्हा पेटा म्हणायचे, आणि गावाचं स्पेलिंग किंवा मोडीतलं रूप आजच्यापेक्षा वेगळं असू शकतं.

छापील पुस्तकांत १८५४ चा मेजर ग्रॅहमचा कोल्हापूर संस्थानावरचा रिपोर्ट, १८८६ चं मुंबई इलाख्याचं कोल्हापूर गॅझेटियर आणि १९६० चं जिल्हा गॅझेटियर, हे तीन आधी चाळा. गॅझेटियर ऑनलाइन फुकट वाचायला मिळतं. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं आहे, तिथं जुनी पुस्तकं आहेत, आणि शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात पण एक दिवस काढा. गॅझेटियरमध्ये आपल्या छोट्या गावावर एखादीच ओळ असेल, नसेल पण. निराश व्हायचं नाही, कारण खरा माल तहसीलमध्ये आहे.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, आणि गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल ठेवायचा, नाव, बापाचं नाव, जात, काही ठिकाणी मरणाचं कारण सुद्धा. म्हणजे ईमच्या चर्चमधलं ते रजिस्टर आपल्याकडं कोतवालानं ठेवलं होतं! २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हा ह्याच वह्या बाहेर निघाल्या, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या साईटवर त्याची स्कॅन पानं टाकली गेली. दाखल्यासाठी लोकांनी आपलं आडनाव तेवढं शोधलं आणि पान मिटलं. तुम्ही अख्खं पान वाचा. शेजारच्या ओळीत तुमच्या गावाचा कुंभार, न्हावी, धनगर, म्हार, मांग सगळे आहेत, एकाखाली एक.

मोडी शिकायला तीन-चार महिने लागतात, रोज अर्धा तास बसलं तर. सगळं वाचता नाही आलं तरी नावं, आकडे आणि सन एवढं ओळखू यायला लागलं की काम चालतं, बाकीचं जाणकाराला दाखवायचं. सनाची भानगड मात्र समजून घ्या. जुन्या कागदात फसली, शके, सुहूर अशी वेगवेगळी सालं असतात. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो, फसलीत ५९०. महिना कुठला त्यावर एखादं वर्ष पुढंमागं होतं, म्हणून मूळ साल पण तसंच लिहून ठेवा आणि शेजारी इसवी.

मग शाळा. गावची मराठी शाळा शंभरीच्या वर गेलेली असेल तर तिथलं जनरल रजिस्टर म्हणजे खजिना आहे. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळं आपल्या भागात त्या काळातल्या मुलांची नावं सापडायची शक्यता चांगली आहे. हेडमास्तरांना आधी भेटा, रजिस्टर घरी मागू नका, तिथंच बसून उतरवून घ्या. आणि एक कळकळीची विनंती, पूर येणाऱ्या गावातले असाल तर हे काम उद्यावर टाकू नका. २००५, २०१९, २०२१, तीन पुरांत नदीकाठच्या किती कपाटांत पाणी गेलं असेल. आमच्या गावच्या देवस्थानच्या दोन वह्या २०१९ मध्ये लगदा झाल्या, मी त्या आदल्या उन्हाळ्यात हातात धरलेल्या आणि "नंतर फोटो काढू" म्हणून परत ठेवलेल्या. अजून झोपताना आठवतं. फोटो त्याच दिवशी काढायचा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, पान सपाट ठेवून, आणि दोन ठिकाणी सेव्ह करायचा.

कागदाच्या मागं जायचं तर दगड. देवळाभोवती, पारावर, ओढ्याकाठी उभे दगड असतात त्यातले बरेच वीरगळ असतात. खालनं वर वाचायचे. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, गाई कोरल्या असतील तर तो गुरं राखताना मेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असेल तर तो सतीचा दगड. वर सूर्य-चंद्र आणि खाली गाढव असेल तर तो गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी, आणि त्यावर अक्षरं असायची शक्यता जास्त. आपल्या भागात शिलाहारांचं राज्य होतं, दुसऱ्या भोजाची राजधानी तर पन्हाळ्यावर होती, त्यामुळं आठशे-हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी बऱ्याच गावांत उभं आहे. कसबा बीडला जाऊन एकदा वीरगळ बघून या म्हणजे डोळा तयार होतो. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला लेख आहे, तो पण बघा, लेख दिसतो कसा हे कळायला.

अक्षरं पुसट असतील तर त्यावर खडू, पीठ, तेल काही लावू नका. संध्याकाळी अंधार पडला की टॉर्च दगडाच्या कडेला धरून आडवा उजेड पाडा आणि फोटो काढा, दिवसा न दिसणारी अक्षरं एकदम उठून येतात. ऑइल पेंट मारलेले वीरगळ बघितले की जीव तुटतो. आणि दगड हलवू नका, तो कुठं उभा आहे हा पण पुरावाच आहे.

गावाचं नाव आणि शिवाराची नावं ह्यात पण इतिहास असतो. ईम हे नाव जुन्या इंग्लिशमधलं, ओढ्यांच्या मधली बेटासारखी जागा असा अर्थ लावतात. आपल्याकडं नावापुढं कसबा असलं की ते गाव त्या भागातलं मोठं, बाजारपेठेचं. भूमी अभिलेख ऑफिसातनं गावाचा नकाशा घ्या आणि एखाद्या जुन्या शेतकऱ्याला घेऊन शिवार फिरा, प्रत्येक मळी, पाणंद, माळ, ओढा, टेकाला नाव असतं आणि ते गट नंबर आल्यापासून नव्या पोरांना माहिती नाही. आमच्याकडं एका माळाला "झोपड्याचा माळ" म्हणतात. तिथं आज एक पण झोपडी नाही. ऐंशी पार केलेल्या आजीनं सांगितलं की प्लेगात सगळं गाव तिथं जाऊन राहिलेलं, तिच्या सासूनं तिला सांगितलेलं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत आपल्या संस्थानातही पसरला, लोक घरं सोडून माळावर राहायचे. ईमवाल्यांनी गाव सोडलं नाही आणि आमच्यावाल्यांनी सोडलं, आजार एकच. मी त्या माळावर उभा राहून बराच वेळ काही बोललो नाही.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना "कुठल्या साली" असं विचारलं की गाडी अडते. खुणा द्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालेलं का? (११ डिसेंबर १९६७.) बहात्तरच्या दुष्काळात थोरला केवढा होता? तुमच्या आजीनं मानमोडीचं काही सांगितलेलं? मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. असं विचारलं की सालं आपोआप बसतात. एकदाच जाऊ नका, तीनदा जा, पहिल्या दिवशी माणूस पाहुण्याला सांगायचं तेवढंच सांगतो. रेकॉर्डिंग विचारून करा. आणि बायकांना स्वयंपाकघरात जाऊन विचारा, सोप्यात बसलं की उत्तरं पुरुषच देतात. प्रत्येक बाईचं माहेर लिहून घ्या, माहेरचं नाव पण, नाहीतर अर्धं गाव "अमक्याची बायको" म्हणून संपतं. आमच्या गावात चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई होती, आज पन्नाशीत असलेलं निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, आणि तिचं पूर्ण नाव सापडायला मला पाच घरं फिरावी लागली.

आता नामवंत माणसं, सगळ्यात नाजूक भाग. आधी ठरवा की "आपल्या गावचा" म्हणजे काय. जन्मला तो, राहिला तो, का मूळ गाव आहे तो? तिन्ही चालतील पण लिहायचं तसं. शाहू महाराजच घ्या: घराणं कागलचं घाटगे, जन्म २६ जून १८७४ चा कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला, आणि १८८४ ला दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर. तिन्ही गावांचा हक्क खरा, फक्त तीन वेगळ्या कारणांनी. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, म्हणजे कराडजवळचे, पण शिकले राजाराम कॉलेजात, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं. म्हणून कोल्हापूरच्या इतिहासात ते पाहिजेतच, पण "कोल्हापुरात जन्मलेले" लिहिलं की चूक. याच्या उलट स्वप्नील कुसाळे, २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ, गाव राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, इथं काही प्रश्नच नाही.

कधी कधी माणूस नाही, गावातली एक घटनाच गावाला मोठं करते. माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० ला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष, शाहू महाराज हजर, आणि गावातल्या आप्पासाहेब पाटलांचा पुढाकार. गाव तेव्हा कागल जहागिरीत होतं. अशी घटना असेल तर कोण कुठं उतरलं, जेवण कुणी केलं, मंडप कुठल्या जागेवर होता, हे आजही घराघरांत विचारलं तर कळू शकतं. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास शेवटच्या परिच्छेदात "तसेच" म्हणून जोडू नका. पाणवठा कुठला होता, देवळात कधी जाता आलं, शाळेत कुठं बसवायचे, हे तिथल्याच माणसांकडनं ऐकून त्यांच्याच शब्दांत लिहा. गावातल्या काही लोकांना आवडणार नाही. तरी लिहा.

चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला ह्या गावातनं किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, एवढंच इंग्रजीत लिहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये खेड्याखेड्यात अशी स्मारकं आहेत पण त्यावर प्रत्येकाचं नाव असतं. आपल्याकडं फक्त आकडा. ती नावं शोधणं हे गावाचं काम आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर नावानं आणि गावानं शोधता येतं, बऱ्याच भारतीय शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव दिलंय. स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून बघा. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीनं तर नावातच ही आठवण जपलीय.

दंतकथेचं काय करायचं? टाकायची नाही. ईममध्ये एमट सिडॉल नावाच्या पोरीची गोष्ट सांगतात, तिचा शेजारच्या गावचा रोलंड रोज लांबनं तिला बघायला यायचा आणि एक दिवस ती आलीच नाही. एमट एप्रिल १६६६ मध्ये गेली ही नोंद आहे, रोज भेटायची गोष्ट लोकांच्या तोंडची आहे. तसंच लिहायचं, "नोंद अशी आहे" आणि "गावात असं सांगतात". आकड्यांचं पण तेच. ईममध्ये २६० गेले म्हणतात, चर्चमधल्या यादीत २७३ नावं आहेत. आणि गावाची लोकसंख्या पूर्वी ३५० च्या आसपास धरायचे, नंतर अभ्यासकांनी कराच्या याद्या तपासल्यावर ती त्याच्या दुपटीच्या घरात गेली. म्हणजे "जवळजवळ सगळं गाव मेलं" ही गोष्ट बदलली, पण त्यानं त्या माणसांचं मोठेपण काडीनं कमी झालं नाही. पांडवांची आणि घोड्याची गोष्ट पण अशीच ठेवा, सांगीव म्हणून.

जिवंत माणसांबद्दल लिहिण्याआधी त्यांना वाचून दाखवा. जमिनीचे वाद, भाऊबंदकी, कोर्टातल्या केसेस यात घेऊ नका, नाहीतर पुस्तक पुरावा म्हणून कोर्टात जातं आणि पुढं कुणी तुम्हाला कागद दाखवत नाही.

छापायच्या आधी कच्ची प्रत ग्रामपंचायतीत आणि देवळात महिनाभर ठेवा, शेजारी पेन बांधून. आमच्या प्रतीत लोकांनी चाळीसच्या वर दुरुस्त्या केल्या, त्यातल्या एकतीस बरोबर निघाल्या, आणि दोन घरांनी पेटीतनं कागद काढून आणून दिले जे सव्वा वर्ष मागून मिळाले नव्हते. ईमचा पहिला नीट इतिहास पण गावातल्याच एका माणसानं, विणकाम करणाऱ्या विल्यम वुडनं १८४२ ला लिहिला, म्हणजे प्राध्यापक असायलाच पाहिजे असं काही नाही. पुस्तक झालं की एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक नगर वाचन मंदिरात, एक विद्यापीठात द्या, आणि मागं दहा पानं कोरी सोडा. आमच्या शाळेतल्या प्रतीची सहा भरलीत.